आयोडिनचं घड्याळ आणि डब्यातलं लिंबू: दहावीच्या वर्गातलं एक प्रकरण

मिरज तालुक्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत दहावीच्या वर्गापुढं ‘आयोडिनचं घड्याळ’ हा प्रयोग करून दाखवला गेला. प्रयोग बिघडला नाही. पाण्यासारखं दिसणारं द्रावण ठरल्या वेळी क्षणात गडद निळं झालं आणि वर्गानं टाळ्या वाजवल्या. अडचण त्यानंतर सुरू झाली. मुलांनी रंगबदलाचं एक स्पष्टीकरण दिलं. ते चुकीचं होतं, पण लगेच केलेल्या एका पडताळणीत ते खरं ठरल्यासारखं दिसलं. शिक्षिकेकडं पुस्तकातलं बरोबर उत्तर आणि मुलांकडं डोळ्यांदेखत मिळालेला पुरावा, असा हा पेच होता.

मी त्याच शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवतो. दहावीच्या मॅडमनी दोन्ही दिवस मला मागच्या बाकावर बसायला बोलावलं होतं, आणि हे लिहायला त्यांची संमती आहे. रंग बदलणाऱ्या प्रयोगांची कृती आता कुठंही मिळते. विज्ञान प्रदर्शनात दर वर्षी दोन-तीन टेबलांवर तरी ते असतात. पण रंग बदलून झाल्यावर पुढच्या वीस मिनिटांत वर्गात काय होतं, हे फारसं कुणी लिहून ठेवत नाही. माझ्या मते खरं शिकवणं त्या वीस मिनिटांतच असतं.

प्रयोग

दहावीच्या ‘रासायनिक अभिक्रिया व समीकरणे’ या पाठात अभिक्रियेचा दर, म्हणजे तिचा वेग, आणि ऑक्सिडीकरण-क्षपण हे दोन्ही भाग येतात. या प्रयोगात ते एकत्र भेटतात, म्हणून मॅडमनी तो निवडला. या जातीची पहिली अभिक्रिया हान्स लँडोल्ट या स्विस रसायनशास्त्रज्ञानं १८८६ साली मांडली. तिच्यात आयोडेट आणि बायसल्फाइट लागतं. शाळेत त्याऐवजी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या वस्तूंवर भागतं.

सामान एवढंच: क जीवनसत्त्वाची ५०० मिलिग्रॅमची गोळी, जखमेवर लावायचं ५ टक्क्यांचं पोविडोन-आयोडिन, २० व्हॉल्यूमचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि भाताची पातळ, गाळलेली पेज. गोळी कुटून १०० मिलिलीटर पाण्यात विरघळवली आणि फडक्यातून गाळली. त्यातलं ६ मिलिलीटर द्रावण एका चंचुपात्रात घेऊन त्यात ४० मिलिलीटर पाणी आणि ५ मिलिलीटर पोविडोन-आयोडिन घातलं. तांबूस आयोडिन ढवळता ढवळता फिकट होत गेलं आणि पार नाहीसं झालं. दुसऱ्या चंचुपात्रात १५ मिलिलीटर पेरॉक्साइड, ३० मिलिलीटर पाणी आणि ५ मिलिलीटर पेज. दोन्ही एकत्र ओतलं की आधी काहीच होत नाही. मुलं वाट बघत राहतात. मग साधारण दीड मिनिटानं, कसलीही सूचना न देता, सगळं द्रावण एकदम निळंशार होतं.

आत काय चालतं ते आधी सांगतो, म्हणजे मुलांच्या म्हणण्यातली गोम कळेल. क जीवनसत्त्व आयोडिनला आयोडाइड करून टाकतं आणि आयोडाइडला रंग नसतो. पेरॉक्साइड त्याच आयोडाइडचं पुन्हा आयोडिन करतं, पण सावकाश. जसं आयोडिन तयार होतं तसं शिल्लक क जीवनसत्त्व त्याला गाठून परत आयोडाइड करतं, आणि हे काम फार झपाट्यानं होतं. त्यामुळे क जीवनसत्त्व आहे तोवर आयोडिन साठत नाही आणि पेजेतल्या स्टार्चला निळं करायला काही मिळत नाही. क जीवनसत्त्वाचा शेवटचा कण खर्ची पडला की आयोडिन उरायला लागतं, आणि स्टार्च निळा होतो. दीड मिनिटाची ती शांतता म्हणजे क जीवनसत्त्व संपायला लागलेला वेळ.

मॅडमनी बाटल्यांवरची नावं झाकली नाहीत. कुठला पदार्थ किती घेतला ते मुलांकडूनच मोठ्यानं वाचून घेतलं. ‘आता बघा जादू’ असं त्या म्हणाल्या नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. आमच्या भागात चमत्कारांमागचं रसायन उघड करून दाखवण्याची जुनी परंपरा आहे. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. लिंबातून रक्त काढण्यासारखे प्रकार तिच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव करून दाखवले आणि त्यामागचं कारणही समजावलं. त्याच जिल्ह्यांत विज्ञानाच्या शिक्षकानं वर्गात जादूगार व्हावं, हे मला पटत नाही. तरी पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलंच, “ग्लासाच्या बुडाला आधीच काय लावलं नव्हतं न्हवं मॅडम?” मॅडमनी रिकामं चंचुपात्र तिच्या हातात दिलं, तिनं बोट फिरवून बघितलं, शेजारणीला दाखवलं, मग परत दिलं. या तपासणीत दोन मिनिटं गेली. ती वाया गेली असं मला वाटत नाही.

पहिला दिवस

रंग बदलला, टाळ्या झाल्या, आणि मॅडमनी विचारलं, “का झालं असेल?”

मागच्या रांगेतला एक मुलगा लगेच म्हणाला, “हळदीसारखंच हाय की ह्ये. हळदीचा डाग साबणानं लाल हुतोय, तसं ह्ये निळं झालं.”

वर्गानं माना डोलावल्या. सांगलीच्या मुलांना हळदीचं कुणी सांगायला लागत नाही. मार्केट यार्डातले हळदीचे सौदे, हरिपूरची जमिनीखालची हळदीची पेवं, २०१८ साली सांगलीच्या हळदीला मिळालेलं भौगोलिक मानांकन हे सगळं त्यांच्या कानावर असतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे निम्म्या घरांत कुणी ना कुणी हळदीच्या कामाला जातं. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश होईपर्यंत हात पिवळे असतात, आणि साबण लागला की तेच हात तांबडे होतात. लग्नाच्या हळदीचे कपडे धुताना हीच गंमत सगळ्यांनी बघितलेली असते. आठवीत आम्ल आणि आम्लारी शिकताना मी स्वतः त्यांच्याकडून हळदीच्या पट्ट्या करून घेतो. हळदीतलं करक्यूमिन आम्लात पिवळं राहतं आणि आम्लारीत, साधारण पीएच ८.६ च्या पुढं, लालसर तपकिरी होतं. ‘रंग बदलला म्हणजे आम्ल-आम्लारीचं काहीतरी आहे’ हा धडा त्यांच्या मनात बसवण्यात माझाही हात आहे.

तो मुलगा तेवढ्यावर थांबला नाही. “मग लिंबू पिळून बघूया. हळदीचा लाल डाग लिंबानं परत पिवळा हुतोय. हे तसलंच असंल तर ह्ये बी जाईल.”

हे वाक्य मी तिथंच वहीत उतरवून घेतलं. त्यानं फक्त मत दिलं नव्हतं. माझं बरोबर असेल तर अमुक व्हायला हवं, असं भाकीत केलं होतं आणि ते तपासायची रीतही सांगितली होती. दहावीच्या मुलाकडून विज्ञानाच्या तासाला याहून जास्त काय मागायचं?

एका मुलीच्या डब्यात पोह्यांवर पिळायला आणलेली लिंबाची फोड होती. मॅडमनी थोडं निळं द्रावण परीक्षानळीत घेतलं आणि त्यालाच पुढं बोलावलं. त्यानं फोड पिळली, नळी हलवली. निळा रंग विरत विरत पुरता गेला आणि लिंबाच्या रसाचा फिकट गढूळपणा तेवढा उरला.

वर्गात जल्लोष झाला, आणि तो आधीच्या टाळ्यांपेक्षा मोठा होता. “बघा मॅडम, आम्लानं गेला!” मॅडम काही बोलणार तोच तासाचा टोल पडला.

आता इथं नेमकं काय झालं? लिंबात सायट्रिक आम्ल भरपूर असतं आणि क जीवनसत्त्वही असतं, अंदाजे १०० मिलिलीटर रसात ४० मिलिग्रॅमच्या आसपास. निळा रंग घालवला तो क जीवनसत्त्वानं. नळीतल्या थोड्याशा आयोडिनला अर्ध्या लिंबातलं क जीवनसत्त्व पुरून उरलं. पण मुलांच्या दृष्टीनं लिंबू म्हणजे आम्ल. त्यांनी तसंच शिकलेलं आहे, आम्हीच तसं शिकवलेलं आहे. त्यांच्या भाकिताला निसर्गानं होकार दिला, तो चुकीच्या कारणासाठी.

वर्ग रिकामा होताना एक लहानशी गोष्ट घडली. त्या आठवड्यात नळ्या धुण्याची पाळी असलेली मुलगी मागं राहिली होती. ती मोरीजवळून ओरडली, “मॅडम, ही नळी परत निळी झालीय.” लिंबू पिळून आठ-दहा मिनिटं झाली असतील. मॅडम दारातून परत आल्या, नळी उजेडाकडं धरली आणि तिला म्हणाल्या, “ही धुवू नकोस. उद्या तूच सांग सगळ्यांना.”

स्टाफरूममधली चर्चा

मधल्या सुट्टीत यावर आमची चांगलीच खल झाली. आमच्यातले एक ज्येष्ठ सर म्हणाले, “अहो मॅडम, उद्या पाच मिनिटांत समीकरण फळ्यावर लिहा आणि पुढं चला. पोर्शन राहतोय.” त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. ऑगस्ट सुरू झालेला, कृष्णेचं पाणी चढत असलेलं, कुठल्या दिवशी शाळेला सुट्टी द्यावी लागेल याचा नेम नाही. दहावीच्या वर्गाचा एकेक तास मोजून वापरावा लागतो.

मॅडमचं उत्तर मला अजून आठवतं. “मी सांगितलं तर ते लिहून घेतील सर. पण त्यांनी लिंबू पिळलेलं डोळ्यानं बघितलंय. पेपरात माझं लिहितील आणि मनात लिंबूच राहील.”

मला त्यांचं म्हणणं पटलं, आणि अजूनही पटतं. मूल निव्वळ अंदाजानं चुकत असेल तर सांगून दुरुस्त करता येतं. मूल प्रयोग करून चुकत असेल तर मात्र तोंडी दुरुस्तीत त्याला असं वाटतं की डोळ्यांपेक्षा मॅडमचा शब्द मोठा. हे विज्ञानाच्या अगदी उलट शिकवणं झालं. त्या मुलाच्या चुकीला उत्तर द्यायचं तर दुसऱ्या प्रयोगानंच द्यायला हवं होतं, आणि तो प्रयोगही असा हवा होता की त्याचं म्हणणं बरोबर असतं तर तो त्याच्या बाजूनं गेला असता.

त्यासाठी वस्तू अशी हवी होती की जी आम्ल आहे पण जिच्यात क जीवनसत्त्व नाही. व्हिनेगर चाललं असतं. पण मॅडमना लिंबूसत्त्व सुचलं, आणि ही निवड मला अतिशय नेमकी वाटते. किराणा दुकानात पुडीत मिळणारं लिंबूसत्त्व म्हणजे निखळ सायट्रिक आम्ल. ढोकळ्यात पडतं, सरबतात पडतं. मुलांच्या लेखी ते लिंबाचंच सत्त्व, म्हणजे लिंबानं जे झालं ते यानं जास्तच जोरात व्हायला हवं. व्हिनेगरनं रंग गेला नसता तर ‘ते वेगळं आम्ल आहे’ असं म्हणायला वाट उरली असती. लिंबूसत्त्वानं ती वाट बंद होते.

दुसरा दिवस

मॅडमनी तास सुरू केला तो नळीवाल्या मुलीला उभं करून. तिनं सांगितलं, नळी दाखवली. नळी अजून निळीच होती. मग मॅडमनी एवढंच विचारलं, “हळदीचा लाल डाग लिंबानं पिवळा केला. नुसता ठेवून दिला तर तो आपोआप परत लाल होतो का?”

वर्ग गप्प. मग एक जण, “न्हाई.” दुसरा, “लिंबू उडून गेलं असंल.” खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, “संपलं असंल.”

“काय संपलं?”

“लिंबू... म्हंजे लिंबातलं जे काय हाय ते.”

मॅडमनी ‘संपलं’ हा शब्द फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला आणि त्यावर काहीही भाष्य केलं नाही. मी त्या जागी असतो तर मोह आवरला नसता. इथंच सगळं उलगडून सांगितलं असतं. त्यांनी ताजं द्रावण केलं, निळं होऊ दिलं आणि तीन नळ्यांत सारखं वाटून घेतलं. एकीत नुसतं पाणी घालायचं, एकीत लिंबूसत्त्वाचं द्रावण, एकीत क जीवनसत्त्वाचं. पाण्याची नळी का, तर रंग नुसत्या पातळपणानं फिका पडला असं कुणी म्हणू नये म्हणून. घालायच्या आधी हात वर करायला लावले. लिंबूसत्त्वानं निळा रंग जाईल म्हणणारे जवळजवळ सगळे. काल लिंबू पिळणाऱ्याचा हात सगळ्यांत उंच.

लिंबूसत्त्व घातलं, नळी हलवली. निळा रंग तसाच. पाणी घातलेल्या नळीइतकाच फिका झालेला, त्याहून कमी नाही.

कुणीच काही बोललं नाही. मग कालचा मुलगा म्हणाला, “कमी पडलं असंल.” रास्त शंका होती. मॅडमनी चमचा त्याच्याच हातात दिला. त्यानं आणखी चमचाभर लिंबूसत्त्व कोरडंच नळीत ओतलं, अंगठा लावायला निघाला, मॅडमनी रबरी बूच दिलं. त्यानं बराच वेळ हलवलं. तळाशी न विरघळलेले पांढरे खडे दिसत होते आणि वर निळं द्रावण होतं. तो नळीकडं बघत राहिला.

तिसऱ्या नळीत क जीवनसत्त्वाचे थेंब पडले आणि रंग पाहता पाहता गेला.

मला वाटलं, झालं. पण झालं नव्हतं. पहिल्या बाकावरून आवाज आला, “पण मॅडम, ती गोळी बी आंबटच लागती की.” याहून चांगला आक्षेप शोधून सापडला नसता. क जीवनसत्त्व म्हणजे अॅस्कॉर्बिक आम्ल. आम्ल तेही आहेच. मग मॅडमनी दोन्ही मूळ द्रावणांत पीएच पेपर बुडवून मुलांना रंगपट्टीशी लावून बघायला सांगितलं. लिंबूसत्त्वाचं द्रावण कितीतरी जास्त आम्लधर्मी निघालं. जास्त आम्लानं रंग गेला नाही आणि कमी आम्लानं गेला. म्हणजे रंग घालवणारा गुण आंबटपणाचा नाही. हे वाक्य मॅडमनी फळ्यावर लिहिलं नाही. ते लिंबू पिळणाऱ्या मुलानं उच्चारलं, जरा नाराजीनं, पण स्पष्ट.

समीकरण फळ्यावर आलं ते यानंतर. पाठ्यपुस्तकात हायड्रोजन गमावणं म्हणजे ऑक्सिडीकरण ही व्याख्या आहे, आणि ती इथं चपखल बसते. क जीवनसत्त्वाच्या रेणूत हायड्रोजनचे ८ अणू असतात. आयोडिनशी गाठ पडल्यावर त्यातले २ जातात, ६ उरतात. ते २ हायड्रोजन घेऊन आयोडिनचं हायड्रोजन आयोडाइड होतं, यालाच क्षपण म्हणतात, आणि हायड्रोजन आयोडाइड पाण्यात आम्लच असतं. म्हणजे रंग जाताना नळीत नवं आम्ल तयार होतं! मुलांच्या स्पष्टीकरणात आम्ल हे कारण होतं, प्रत्यक्षात ते उत्पादितांत निघालं. यावर वर्गात जी कुजबुज झाली ती ऐकण्यासारखी होती.

मग मॅडम कोपऱ्यातल्या ‘संपलं’ या शब्दाकडं वळल्या. लिंबातलं क जीवनसत्त्व पेरॉक्साइडनं पुन्हा पुन्हा तयार केलेल्या आयोडिनवर खर्च होत गेलं, संपलं, आणि नळी निळी झाली. काल मोरीजवळ झालेलं आणि चंचुपात्रात दीड मिनिटानं झालेलं, दोन्ही एकच. नळीवाल्या मुलीनं विचारलं, “म्हंजे लिंबानं घड्याळाला परत चावी दिली?” मॅडम म्हणाल्या, “हो, तसंच.”

रंग उशिरा का आला

इथं मला एक खरी गोष्ट जोडायची आहे. मी ती त्या वर्गाला तासाच्या शेवटी सांगितली. आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी या हंगेरियन शास्त्रज्ञाला १९३७ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि क जीवनसत्त्वावरचं काम हे त्यामागचं मोठं कारण होतं. या कामाची सुरुवात एका उशिरा आलेल्या निळ्या रंगापासून झाली. बेंझिडिन, पेरॉक्साइड आणि पेरॉक्सिडेज नावाचं वितंचक (एन्झाइम) एकत्र केलं की लगेच निळा रंग येतो, हे माहीत होतं. सेंट-ज्यॉर्जींनी शुद्ध वितंचकाऐवजी वनस्पतीचा नुसता पिळलेला रस वापरला, तर रंग आला, पण साधारण एक सेकंद उशिरा. रसात असं काहीतरी आहे जे तयार होणारा रंग परत घालवतं, आणि ते खर्ची पडल्यावरच रंग टिकतो, हे त्यांनी त्या सेकंदावरून ताडलं. १९२८ साली त्यांनी तो पदार्थ वेगळा काढल्याचं प्रसिद्ध केलं. तेव्हा त्याला हेक्झुरोनिक आम्ल म्हणत. पुढं तेच क जीवनसत्त्व निघालं. भरपूर प्रमाणात ते मिळालं सेगेड गावच्या लाल मिरचीतून, जी त्या गावची ओळख आहे.

आमच्या नळीवाल्या मुलीनं जे बघितलं ते याच जातीचं होतं. रंग कुठला आला हे सगळ्यांनी बघितलं होतं. तो कधी आला हे फक्त तिनं बघितलं, कारण ती त्या वेळी तिथं होती. रंगबदलाचे प्रयोग दाखवताना आपण रंग आला की नळी ओतून देतो, टेबल पुसतो आणि पुढच्या रंगाकडं जातो. द्रावण तासभर तसंच राहू द्यावं, एवढं एकच जरी शिक्षकांनी केलं तरी कितीतरी प्रश्न आपोआप उभे राहतील.

करून बघणाऱ्यांसाठी

काही व्यवहाराच्या गोष्टी. पोविडोन-आयोडिनचं साधं द्रावण घ्यावं, हात धुवायचं फेसाळ घेऊ नये. क जीवनसत्त्वाची गोळी शक्यतो पांढरी घ्यावी. चघळायच्या नारिंगी गोळीतला रंग द्रावणात उतरतो आणि मुलं त्यावरच अडकतात. पेरॉक्साइडची बाटली उघडून खूप दिवस झाले असतील तर ते कमजोर झालेलं असतं आणि घड्याळ फार उशिरा वाजतं, कधी वाजतच नाही. भांडी काचेची आणि स्वच्छ असावीत. पेज पातळ आणि थंड हवी, गरम द्रावणात आयोडिन-स्टार्चचा निळा रंग नीट दिसत नाही.

वर दिलेली मापं आमच्या सामानाला लागू पडली. कंपनी बदलली की वेळ थोडा बदलेल, म्हणून आदल्या दिवशी एकदा करून बघावं. हवामानाचंही तसंच: तापमान १० अंशांनी वाढलं की अभिक्रियेचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो, त्यामुळं पावसाळ्यात बसवलेला दीड मिनिटाचा वेळ एप्रिलच्या दुपारी मिळणार नाही. दर शिकवायचा असेल तर पेरॉक्साइड निम्मं करून तेवढंच पाणी वाढवावं, वेळ साधारण दुप्पट लागतो. या वेळी तो भाग मागं पडला. मॅडमनी तो पुढच्या आठवड्यात वेगळ्या तासाला घेतला, आणि मुलांनी दोन मोबाइलांवर वेळ लावून तो पटकन उरकला.

पेरॉक्साइड कातडीवर पडलं तर पांढरा डाग पडतो आणि चुरचुरतं, तेव्हा हातमोजे आणि चश्मा हवाच. उरलेल्या निळ्या द्रावणात क जीवनसत्त्वाचं द्रावण रंग जाईपर्यंत घालावं आणि भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडावं. गणवेशाच्या पांढऱ्या शर्टवर आयोडिन सांडलं तरी हाच उपाय. एका मुलाच्या बाहीवरचा डाग असा जाताना वर्गानं बघितला, तेव्हा ‘हे पण क्षपणच’ असं तीन-चार जण एकदम म्हणाले.

चाचणीत काय दिसलं

घटक चाचणीत मॅडमनी प्रश्न दिला: निळ्या द्रावणात लिंबूसत्त्व घातलं तर काय होईल आणि का? निळा रंग तसाच राहील, हे बहुतेकांनी लिहिलं. ‘का’चं उत्तर मात्र सगळ्यांना साधलं नाही. बऱ्याच जणांनी क जीवनसत्त्व नसल्यामुळं आयोडिनचं क्षपण होणार नाही, असं नीट लिहिलं. थोड्यांनी केवळ ‘प्रयोगात तसं दिसलं’ असं लिहिलं, आणि मॅडमनी त्यांना अर्धे गुण दिले. मला ते योग्य वाटलं. काही उत्तरपत्रिकांत मात्र वेगळंच होतं: ‘कारण लिंबूसत्त्व हे सौम्य आम्ल आहे, तीव्र आम्लानं रंग गेला असता.’

म्हणजे आम्लाची कल्पना पुरती हललेली नव्हती. तिनं फक्त जागा बदलली होती. पीएच पेपरनं क जीवनसत्त्व लिंबूसत्त्वापेक्षा सौम्य असल्याचं दाखवलं होतं, तरी या मुलांनी त्याचा धागा पुढं नेला नाही. त्यांच्या बाजूनं बघितलं तर त्यांची शंका अजून कुणी प्रयोगानं तपासलेलीच नाही. मॅडमनी त्या उत्तरांना शून्य दिलं नाही, समासात ‘करून बघू’ असं लिहिलं. पुढच्या सोमवारी टेबलावर चौथी नळी आली, विरल हायड्रोक्लोरिक आम्लाची. निळा रंग तिच्यातही राहिला. पुढच्या वर्षीच्या वर्गासाठी त्यांनी लिंबू, लिंबूसत्त्व, हायड्रोक्लोरिक आम्ल आणि क जीवनसत्त्व या चारही नळ्या पहिल्याच दिवशी मांडायच्या ठरवल्या आहेत, आणि लिंबू मात्र मुलांपैकीच कुणीतरी सुचवेपर्यंत ट्रेमध्ये झाकून ठेवायचं.